माळ्यावरचा स्पेक्ट्रम पुन्हा चालू करताना: शोधण्यापासून रोज वापरण्यापर्यंत सगळं

जुना कॉम्प्युटर माळ्यावरून खाली काढला की पहिला हात प्लगकडे जातो, चालतोय का बघू या म्हणून. तो हात आवरा. या अख्ख्या लेखातलं एकच वाक्य लक्षात ठेवायचं असेल तर हेच ठेवा, बाकीचं परत येऊन वाचता येईल.

माझं काय झालं ते आधी सांगतो. मामाकडे रंगकाम निघालं, माळा रिकामा करताना पत्र्याच्या ट्रंकेत एक काळा कीबोर्डसारखा डबा सापडला, त्यावर डीबी स्पेक्ट्रम प्लस असं नाव. मामा म्हणाला अरे हा माझा कॉम्प्युटर, पुण्यातच बनलेला. ते खरंच आहे, पुण्याच्या डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने १९८६ मध्ये इंग्लंडच्या सिंक्लेअर कंपनीचं लायसन्स घेऊन त्यांचा स्पेक्ट्रम प्लस हा घरगुती कॉम्प्युटर इथे काढला होता. ट्रंकेत अ‍ॅडाप्टर नव्हता. घरात सीसीटीव्हीचा एक पडून होता, पिन बरोब्बर बसली, मी बटण दाबलं, आणि दोन सेकंदात तो वास आला. इलेक्ट्रॉनिक्सचं काम केलेल्याला तो वास माहीत असतो. मामा काही बोलला नाही, नुसता बघत राहिला, ते मला जास्त लागलं. पुढे तीन महिने रविवार-रविवार बसून तो दुरुस्त केला आणि त्या तीन महिन्यांत जे शिकलो ते इथे लिहितोय, म्हणजे तुमचे तीन महिने तरी वाचतील.

स्पेक्ट्रमच का

घरगुती जुने कॉम्प्युटर भरपूर आहेत, कमोडोर ६४ आहे, अटारी आहे, बीबीसी मायक्रो आहे, एमएसएक्स आहेत. पण आपल्याकडे बसून हा छंद सुरू करायचा असेल तर मी स्पेक्ट्रमच सांगेन. एक तर तो इथे विकला गेलेला आहे, त्यामुळे कुणाच्या तरी माळ्यावर असण्याची शक्यता खरी आहे. दुसरं म्हणजे इंग्लंडचं मशीन असल्याने घरातली वीज आपल्यासारखीच, टीव्हीच्या सिग्नलची पद्धतही आपलीच, पाल (PAL) नावाची, म्हणजे अमेरिकन मशीनला लागतात तसे ट्रान्सफॉर्मर आणि कन्व्हर्टर लागत नाहीत. तिसरं, आत भाग कमी आहेत आणि बहुतेक दुरुस्त होण्यासारखे आहेत.

थोडा इतिहास, कारण घेताना कामाला येतो. सिंक्लेअर रिसर्च ही केंब्रिजची कंपनी, त्यांनी २३ एप्रिल १९८२ ला झेडएक्स स्पेक्ट्रम आणला, १६ के (म्हणजे किलोबाइट) मेमरीचा १२५ पौंडांना आणि ४८ केचा १७५ ला. आत ३.५ मेगाहर्ट्झवर चालणारा झेड८०ए प्रोसेसर, १६ केची रॉम (मशीनमध्ये कायमचा भरलेला मूळ प्रोग्रॅम), आणि स्क्रीन २५६ बाय १९२ ठिपक्यांचा. रबरी बटणांचा तो जो छोटासा डबा फोटोत दिसतो तो हाच. १९८४ च्या ऑक्टोबरमध्ये स्पेक्ट्रम प्लस आला, आतला बोर्ड तोच, फक्त कडक प्लास्टिकची बटणं आणि डाव्या बाजूला रीसेटचं बटण. मग १२८ केचा आला, १९८६ च्या एप्रिलमध्ये अ‍ॅमस्ट्रॅडने सिंक्लेअरचा कॉम्प्युटर धंदा ५० लाख पौंडांना घेतला, आणि त्यांनी प्लस टू (कॅसेट प्लेअर आतच बसवलेला) आणि प्लस थ्री (३ इंची फ्लॉपीवाला) काढले. १९९२ मध्ये सगळंच बंद. नवशिक्याने ४८ केचा रबरवाला किंवा प्लस घ्यावा, प्लस थ्रीच्या नादी लागू नका, त्या ३ इंची डिस्क मिळवता मिळवता छंदाचा कंटाळा येईल.

आधी महिनाभर एम्युलेटर

पैसे घालायच्या आधी फ्यूज नावाचा फुकट एम्युलेटर, म्हणजे स्पेक्ट्रमची नक्कल करणारा प्रोग्रॅम, लॅपटॉपवर टाका. अ‍ॅमस्ट्रॅडने १९९९ मध्येच स्पेक्ट्रमची रॉम एम्युलेटरसोबत द्यायला परवानगी दिली, त्यामुळे रॉमच्या बाबतीत मनात शंका ठेवायचं कारण नाही. गेम मात्र प्रत्येकाचे हक्क वेगळे आहेत, काही लेखकांनी मोकळे केलेत, काहींनी नाही.

एम्युलेटरवर महिनाभर रोज अर्धा तास काढा. मुख्य म्हणजे कीबोर्डची सवय करा, कारण स्पेक्ट्रमवर बेसिक या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत शब्द अक्षर-अक्षर टाइप करायचाच नसतो, एका बटणाला एक अख्खा शब्द असतो. पी दाबलं की प्रिंट येतं, जे दाबलं की लोड, आर म्हणजे रन, जी म्हणजे गोटू. पहिले दोन दिवस डोकं फिरतं, नंतर बोटं आपोआप जायला लागतात. महिन्याभराने हे सगळं आवडतंय असं वाटलं तरच पुढे जा. नाही आवडलं तरी काही बिघडत नाही, एक मशीन कपाटात धूळ खात पडण्यापासून वाचलं.

शोधायचं कुठे

सगळ्यात आधी नातेवाईक. हे मी मनापासून सांगतोय. १९८५ ते १९९० च्या आसपास जे कॉलेजात होते किंवा ज्यांची मुलं शाळेत होती, इंजिनिअर, प्राध्यापक, गल्फला किंवा इंग्लंडला जाऊन आलेले काका-मामा, त्यांना विचारा, फॅमिली ग्रुपवर फोटो टाका, "असलं काही घरात होतं का" म्हणून. नाव कुणाला आठवत नाही पण फोटो बघून आठवतं.

मग बाजार. पुण्यात जुन्या बाजारात बुधवारी आणि रविवारी सकाळी लवकर, मुंबईत चोर बाजार. खरं सांगू का, तिथे स्पेक्ट्रम हाताला लागणं म्हणजे नशीब. पण बाकीच्या गोष्टी, म्हणजे कॅसेट प्लेअर, १४ इंची जुना टीव्ही, जुन्या वायरी, हे तिथेच स्वस्तात मिळतं. नवीन सुटे भाग लागले की पुण्यात तपकीर गल्ली आणि मुंबईत लॅमिंग्टन रोड.

परदेशातून ऑनलाइन मागवायचं असेल तर शिपिंग आणि कस्टम ड्युटी धरून हिशोब करा, कधीकधी मशीनपेक्षा तेच जास्त होतं. इंग्लंडहून सुट्टीला येणारं कुणी असेल तर त्यांच्या बॅगेत एक रबरवाला स्पेक्ट्रम सहज मावतो, वजन साधारण अर्धा किलो.

विकणाऱ्याला काय विचारायचं? स्क्रीनचा फोटो मागा, चालू अवस्थेतला, खाली १९८२ सिंक्लेअर रिसर्च अशी ओळ दिसणारा. मागच्या कनेक्टरचा फोटो मागा, हिरवा गंज आहे का बघायला. खालच्या बाजूच्या स्क्रूचा फोटो मागा, स्क्रूची डोकी झिजलेली असतील तर कुणीतरी आत जाऊन आलंय. "टेस्ट केलेलं नाही" असं लिहिलेलं असेल तर ते बंद आहे असंच धरून किंमत करा. आणि एकदम गोड बोलून घाई करणारा असेल तर सोडून द्या, मी एकदा अशा घाईत पैसे पाठवले आणि आतून प्रोसेसर आणि यूएलए नावाची दुसरी मोठी चिप, दोन्ही काढून घेतलेला डबा घरी आला.

पिन लावायच्या आधी

आता मुख्य भाग, सावकाश वाचा.

स्पेक्ट्रमच्या अ‍ॅडाप्टरवर ९ व्होल्ट डीसी, १.४ अँपिअर लिहिलेलं असतं. आणि त्याची पिन उलटी आहे. म्हणजे आजकालच्या जवळपास सगळ्या अ‍ॅडाप्टरला पिनच्या आतला भाग प्लस आणि बाहेरचा मायनस असतो, स्पेक्ट्रमला आत मायनस आणि बाहेर प्लस लागतो. पिनचा आकार तोच, २.१ मिलिमीटरवाला, त्यामुळे सीसीटीव्हीचा, राउटरचा, कुठलाही अगदी व्यवस्थित बसतो आणि मशीन मारतो. माझ्या हातून तर दुहेरी चूक झाली, तो १२ व्होल्टचाही होता.

म्हणून आधी एक मल्टीमीटर घ्या, साधा चालेल. डीसी २० व्होल्टवर ठेवा, लाल काडी पिनच्या भोकात आणि काळी बाहेरून टेकवा. आकड्याच्या आधी वजाची खूण आली पाहिजे, वजा ९ किंवा त्याच्या पुढे. जुना ओरिजिनल अ‍ॅडाप्टर असेल तर मशीन जोडलेलं नसताना १२-१३ सुद्धा दाखवतो, त्यात घाबरण्यासारखं काही नाही, तो रेग्युलेटेड नसतो, म्हणजे व्होल्टेज एकसारखं धरून ठेवत नाही, मशीन जोडल्यावर खाली येतो. पण ३५-४० वर्षांच्या जुन्या अ‍ॅडाप्टरची वायर कडक होऊन तडकलेली असेल तर त्यावर जीव टाकू नका, नवीन ९ व्होल्ट २ अँपिअरचा रेग्युलेटेड घ्या, पिन कापून वायरी उलट करून पुन्हा जोडा, पुन्हा मीटरने तपासा, आणि त्या वायरीला लाल टेप गुंडाळून "फक्त स्पेक्ट्रम" असं लिहून ठेवा. घरात दुसरं कुणी तो राउटरला लावेल, त्याचाही विचार करा.

मग मशीन उघडा. खालचे स्क्रू काढायचे, कुठला कुठे होता त्याचा फोटो काढायचा, आणि वरचं झाकण ओढायचं नाही. हळूच एका बाजूने उचला, कारण कीबोर्डपासून दोन पातळ प्लास्टिकच्या पट्ट्या खाली बोर्डमध्ये गेलेल्या असतात आणि त्या वयाने इतक्या ठिसूळ झालेल्या असतात की जोरात उचललं तर कटकन तुटतात. कनेक्टरच्या अगदी जवळ धरून सरळ वर काढा.

आत बघा. झुरळांची घाण, पालीची अंडी, गंज, उडालेले कपॅसिटर, कुणीतरी केलेलं जाडंभरडं सोल्डरिंग. मऊ ब्रशने धूळ झाडा, आयसोप्रोपिल अल्कोहोलने कनेक्टर पुसा. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर, ते छोटे डबे, यांचं आयुष्य संपलेलंच असतं, चालत असले तरी बदललेले बरे. सगळे मिळून खर्च फार नाही, फक्त प्रत्येकाची दिशा आधी फोटोत नीट टिपून घ्या, आणि बोर्डवरच्या छापील खुणेपेक्षा जुना कसा बसवला होता त्यावर विश्वास ठेवा.

चालू केलं, आता काय दिसतंय

स्पेक्ट्रमला बटण नाही, पिन लावली की चालू. नीट असेल तर स्क्रीन क्षणभर काळी होते, मग पांढरी, आणि खाली सिंक्लेअरची ओळ येते. ती ओळ आली की मग बाकी सगळं सोपं आहे.

स्क्रीनवर रंगीत चौकोनांचा, उभ्या पट्ट्यांचा कचरा दिसला तर लगेच पिन काढा. लगेच म्हणजे लगेच, कारण सांगतो. स्पेक्ट्रमची खालची १६ केची रॅम म्हणजे ४११६ नंबरच्या आठ चिप, आणि त्यांना तीन वेगवेगळे व्होल्टेज लागतात, अधिक ५, अधिक १२ आणि वजा ५. हे १२ आणि वजा ५ बोर्डवरच एक छोटं सर्किट तयार करतं, एक कॉइल आणि टीआर४, टीआर५ नावाचे दोन ट्रान्झिस्टर. टीआर४ गेला की वजा ५ बंद होतं, आणि वजा ५ नसताना बाकीचे व्होल्टेज चालू राहिले की रॅमच्या चिप एकेक करून जळायला लागतात. म्हणजे बिघाड एका स्वस्त ट्रान्झिस्टरचा, पण चालू ठेवून बघत बसलात तर आठ चिपचा होतो.

मोजायचं असं: ४११६ च्या पाय १ वर वजा ५, पाय ८ वर १२, पाय ९ वर ५, आणि पाय १६ म्हणजे ग्राउंड. दोन सेकंद लावायचं, एक आकडा बघायचा, काढायचं. घाई नको आणि काडी घसरू देऊ नका, शेजारचे दोन पाय एकमेकांना टेकले तर ते पण नुकसानच.

१२ किंवा वजा ५ नसेल तर टीआर४ बदला, तो झेडटीएक्स६५० असतो, त्याच्या जागी झेडटीएक्स६५१ चालतो. कॉइलची तार काळी पडली असेल तर ती पण बघा. व्होल्टेज सगळे बरोबर आहेत पण कचरा तसाच असेल तर एखादी रॅम चिप गेलेली असू शकते, आणि ती ओळखायची एक जुनी पद्धत म्हणजे बोट टेकवून बघणं, गेलेली चिप बऱ्याचदा बाकीच्यांपेक्षा जास्त गरम लागते. माझ्या बोर्डवर टीआर४ आणि दोन रॅम चिप गेल्या होत्या.

चिप काढताना लोक घोळ करतात, मी पण केला असता, एका ओळखीच्या रेडिओ मेकॅनिकने थांबवलं. त्यांचं म्हणणं, गेलेली चिप वाचवायला जाऊ नकोस, बोर्ड वाचव. चिपचे पाय बारीक कटरने कापून टाकायचे, मधला भाग उचलायचा, मग एकेक पाय गरम करून चिमट्याने काढायचा. अख्खी चिप एकदम ओढली तर बोर्डवरचा तांब्याचा पट्टा सोबत येतो, आणि या बोर्डांचे पट्टे फार नाजूक आहेत. काढलेल्या जागी सॉकेट बसवा, चिप थेट सोल्डर करू नका, म्हणजे पुढच्या वेळी दहा मिनिटांचं काम राहतं.

ओळ आली पण ४८ के आहे की वरची ३२ के गेली, हे कसं कळणार? प्रिंट आणि पुढे पीक (PEEK, त्या पत्त्यावरचा आकडा वाचणारी आज्ञा) २३७३२ अधिक २५६ गुणिले पीक २३७३३ असं टाका. उत्तर ६५५३५ आलं तर सगळी रॅम आहे, ३२७६७ आलं तर फक्त १६ के दिसतेय.

अजून दोन गोष्टी. आत ५ व्होल्ट देणारा ७८०५ रेग्युलेटर असतो तो खूप तापतो, उन्हाळ्यात आपल्याकडे तर विचारूच नका, त्याच्या जागी आता त्याच आकाराचे स्विचिंग रेग्युलेटर मिळतात जे गार राहतात, ते बसवा. आणि यूएलए नावाची जी मोठी चिप आहे, फेरांटी कंपनीची, तिच्यावर उष्णता बाहेर टाकणारा छोटा धातूचा हीटसिंक चिकटवा. झेड८० जुना-नवा कुठूनतरी मिळेल (ती बनवणाऱ्या झायलॉग कंपनीने स्वतंत्र झेड८० च्या शेवटच्या ऑर्डर २०२४ मध्ये घेतल्या, म्हणजे ४८ वर्षं ती चिप बनत होती), पण ती यूएलए सिंक्लेअरसाठीच बनलेली होती, तिला जपा.

आणि मागच्या कनेक्टरला काहीही लावताना-काढताना पिन आधी काढायची. याला अपवाद नाही.

टीव्हीला जोडणं

ओरिजिनल स्पेक्ट्रम टीव्हीच्या अँटेनाच्या भोकात जातो, यूएचएफ चॅनल ३६ वर. जुन्या पोर्टेबल टीव्हीवर चॅनल शोधत बसलं की सापडतो, जरा मुंग्या दिसतात. आवाज टीव्हीतून येत नाही म्हणून बिघाड समजू नका, ४८ केच्या स्पेक्ट्रमचा आवाज त्याच्या पोटातल्या छोट्या स्पीकरमधूनच येतो.

जास्त चांगलं चित्र हवं असेल तर कंपोझिट, म्हणजे पिवळ्या एव्ही वायरीतून जाणारा व्हिडिओ, करून घ्या. आतल्या त्या चंदेरी डबीत, म्हणजे अँटेनासाठीचा सिग्नल बनवणाऱ्या मॉड्युलेटरमध्ये, बोर्डवरून दोन वायरी जातात, एक ५ व्होल्टची आणि एक व्हिडिओची. दोन्ही सोडवायच्या, आतला मधल्या पिनला जोडलेला रेझिस्टर मोकळा करायचा, ५ व्होल्टच्या वायरीला टेप लावून बाजूला ठेवायचं आणि व्हिडिओची वायर सरळ मधल्या पिनला. झालं, तीच पिन आता पिवळ्या एव्ही वायरीला जोडायची. मॉड्युलेटर काढून फेकू नका, परत पूर्वीसारखं करता आलं पाहिजे.

नव्या एलसीडी टीव्हीवर चालेलच असं नाही, काही टीव्ही स्पेक्ट्रमचा सिग्नल ओळखतच नाहीत. माझ्याकडे गाडीला मागे बघायला लावतात तो ७ इंची छोटा एव्ही स्क्रीन आहे, टेबलावर मावतो आणि त्यावर छान दिसतो. पण जमलं तर एकदा तरी जुन्या काचेच्या टीव्हीवर बघा, ते रंग वेगळेच असतात. तो टीव्ही मात्र उघडायचा नाही, बंद असला तरी आत हजारो व्होल्ट साठून राहिलेले असतात, तो जाणत्या मेकॅनिककडेच न्या.

कीबोर्ड

ओळ येते पण बटणं लागत नाहीत, किंवा एक अख्खी रांग लागत नाही, तर ९९ टक्के वेळा आतलं मेम्ब्रेन, म्हणजे बटणांखालचं पातळ प्लास्टिकचं सर्किट, गेलंय. ४० बटणं ८ बाय ५ च्या जाळीत असतात, त्या पट्टीतली एक रेघ तुटली की तिच्यावरची सगळी बटणं मुकी. टेप लावून, कंडक्टिव्ह पेन वापरून मी दोन आठवडे घालवले, नका घालवू. नवीन बनवलेली मेम्ब्रेन परदेशातून मिळतात, पाकिटात येतात, तेच घ्या. आणि मागवताना रबरवाल्याचं की प्लसचं ते नीट सांगा, दोन्ही वेगळी असतात. रबरी बटणं साबणाच्या पाण्यात धुतली की नवी दिसतात.

कॅसेट, म्हणजे खरी मजा

ट्रंकेत कॅसेट सापडल्या तर आधी उजेडात धरून टेपच्या कडेवर पांढरी बुरशी आहे का बघा. आपल्याकडच्या पावसाळ्यात ती येतेच. बुरशीची कॅसेट चांगल्या प्लेअरमध्ये घालू नका, हेड खराब होईल आणि बुरशी दुसऱ्या कॅसेटला लागेल. स्वच्छ असेल तर आधी पूर्ण पुढे, मग पूर्ण मागे करून घ्या, वर्षानुवर्षं चिकटून बसलेली टेप सुटी होते. खिडकीतला छोटा फोमचा तुकडा पडलेला असेल तर दुसऱ्या टाकाऊ कॅसेटमधला लावा.

मग कुठलीही कॅसेट लोड करायच्या आधी ती कॉम्प्युटरवर रेकॉर्ड करून ठेवा, मोनो, ४४.१ किलोहर्ट्झ, कॉम्प्रेस न केलेली वेव्ह फाइल. हे आळस न करता करा. कॅसेटवर मामाने स्वतः लिहिलेले प्रोग्रॅम असतील तर ते जगात दुसरीकडे कुठेच नाहीत.

लोड करायला जे दाबा, मग सिम्बॉल शिफ्ट धरून पी दोनदा, एंटर, आणि प्लेअर चालू. प्लेअरच्या इअरफोनच्या भोकातून स्पेक्ट्रमच्या इअर लिहिलेल्या भोकात वायर. स्क्रीनच्या कडेला लाल-निळसर जाड पट्ट्या सरकायला लागतात आणि सलग शिट्टीसारखा आवाज येतो, ती सुरुवातीची खूण, मग बारीक निळ्या-पिवळ्या पट्ट्या म्हणजे खरा डेटा. ४८ केचा गेम यायला पाचेक मिनिटं लागतात. मध्येच "आर टेप लोडिंग एरर" असं आलं तर आवाज थोडा कमी-जास्त करा, बहुतेक वेळा जास्त लागतो. तरी नाही झालं तर प्लेअरचं हेड अल्कोहोलने पुसा, आणि हेडच्या बाजूचा छोटा स्क्रू अगदी केसभर फिरवून त्या शिट्टीचा आवाज जिथे सगळ्यात धारदार ऐकू येईल तिथे ठेवा. प्लेअरचा पट्टा मात्र आधीच बदला, जुना बऱ्याचदा वितळून डांबरासारखा झालेला असतो.

मोबाईलवरून पण लोड होतं, टेपच्या फाइल वाजवणारी अ‍ॅप आहेत. मोनो वायर वापरा, आवाज पूर्ण, इक्वलायझर आणि साउंड इफेक्ट सगळे बंद, आणि मोबाईल एअरप्लेन मोडवर, नाहीतर चौथ्या मिनिटाला मेसेजचा टुंग वाजतो आणि सगळं परत पहिल्यापासून.

रोज वापरायचं असेल तर डिव्हएमएमसी नावाचा इंटरफेस घ्या, मागे लागतो, त्यात एसडी कार्ड घालायचं, सगळे प्रोग्रॅम क्षणात. मी घेतलाय आणि वापरतो. पण घरात कुणी पाहुणे आले आणि दाखवायचं असलं की कॅसेटच लावतो, त्या पाच मिनिटांत लोक सरकत्या पट्ट्यांकडे बघत गप्प बसतात आणि मग एकेकाच्या आठवणी निघतात.

बीबीसी मायक्रो मिळाला तर

१९८४ मध्ये क्लास नावाच्या सरकारी योजनेत आपल्या शाळांमध्ये बीबीसी मायक्रो आले होते, त्यामुळे शाळेच्या भंगारात तो निघू शकतो. दणकट मशीन आहे, कीबोर्ड तर अप्रतिम. फक्त त्याच्या आतल्या पॉवर सप्लायमध्ये रिफा कंपनीचे पिवळट पारदर्शक कपॅसिटर असतात, त्यांना बारीक तडे जाऊन त्यात दमटपणा शिरतो आणि चालू केल्यावर काही मिनिटांत फटाका फुटून खोलीभर धूर होतो. चालू करायच्या आधीच ते बदला. तिथे थेट २३० व्होल्ट आहेत, सवय नसेल तर जाणकाराकडूनच करून घ्या.

पावसाळा

पुण्यात ठीक आहे, कोकणात, गोव्यात, मुंबईत जून ते सप्टेंबर हा खरा शत्रू. मशीन झाकण घट्ट लागणाऱ्या प्लास्टिकच्या डब्यात सिलिका जेलच्या पिशव्या टाकून ठेवा, जेल ओलं झालं की बदला किंवा तापवून कोरडं करा. वर्तमानपत्रात गुंडाळू नका, कागद ओल धरतो. डांबरगोळ्या तर अजिबात नको, प्लास्टिकला लागून राहिल्या तर ते मऊ पडून डाग पडतात. आणि महिन्यातून एकदा बाहेर काढून अर्धा तास चालवा, आतली ऊब ओल घालवते.

आता त्याच्यावर करायचं काय

गेम खेळाच. पण मला विचाराल तर स्वतः काहीतरी लिहा, छोटं का असेना. मी केलेली पहिली गोष्ट सांगतो, तुम्ही पण करून बघा: स्पेक्ट्रमवर मराठी अक्षर.

स्पेक्ट्रममध्ये २१ अक्षरं आपण स्वतः काढू शकतो, ए पासून यू पर्यंतच्या जागा. प्रत्येक अक्षर ८ बाय ८ चौकोनात. चौकटीच्या वहीत ८ बाय ८ चा चौकोन आखा, म काढा, प्रत्येक ओळीतल्या भरलेल्या घरांची बेरीज करा, डावीकडून किंमत १२८, ६४, ३२, १६, ८, ४, २, १. सगळ्यात वर शिरोरेषा, म्हणजे आठही घरं भरलेली, २५५. माझा म असा आहे: २५५, ६६, ६६, ६६, १२६, १६२, ६६, २. शिरोरेषा कडेपर्यंत नेलीय त्यामुळे दोन अक्षरं शेजारी ठेवली की रेघ आपोआप जुळते.

प्रोग्रॅम चार ओळींचा. ओळ १० मध्ये फॉर एन बरोबर ० टू ७. ओळ २० मध्ये रीड ए, विसर्गासारखी दोन टिंबं, मग पोक (POKE, पत्त्यावर आकडा लिहिणारी आज्ञा) यूएसआर आणि अवतरणात छोटा ए, अधिक एन, स्वल्पविराम, ए. ओळ ३० नेक्स्ट एन. ओळ ४० मध्ये डेटा आणि ते आठ आकडे. रीड, डेटा आणि यूएसआर हे शब्द एक्स्टेंडेड मोडमध्ये असतात, कॅप्स शिफ्ट आणि सिम्बॉल शिफ्ट एकत्र दाबून मग अनुक्रमे ए, डी आणि एल. रन करा. आता कॅप्स शिफ्ट आणि ९ दाबून ग्राफिक्स मोडमध्ये जा, प्लसवर त्यासाठी वेगळं बटण आहे, आणि ए दाबा. म येतो.

मामाला बोलावून दाखवलं तेव्हा तो खुर्ची ओढून बसला आणि म्हणाला, आता वेलांटी कुठे बसवशील? त्याला बरोबर दिसलं होतं. शिरोरेषा सगळ्यात वर असली की वेलांटी, मात्रा, अनुस्वार यांना जागाच उरत नाही, आणि रेघ खाली घ्यावी तर अक्षराला पाचच ओळी राहतात, त्यात क्ष किंवा ज्ञ ओळखू येत नाही. शेवटी आम्ही दोघांनी मिळून दोन मजली पद्धत काढली, वरच्या घरात मात्रा-वेलांट्या आणि खालच्या घरात अक्षर, म्हणजे स्क्रीनच्या २२ ओळींत मराठीच्या ११ ओळी बसतात. २१ जागा लगेच संपतात, तेव्हा २३६०६ आणि २३६०७ या दोन पत्त्यांवर अक्षरसंचाचा पत्ता असतो, तो आपल्या स्वतःच्या संचाकडे वळवायचा, फक्त खऱ्या पत्त्यातून २५६ वजा करून लिहायचा. मग ९६ अक्षरं मिळतात, ७६८ बाइटमध्ये.

झालेलं काम त्याच दिवशी कॅसेटवर घ्या. सेव्ह, अवतरणात नाव, कोड, यूएसआर आणि अवतरणात छोटा ए, स्वल्पविराम, १६८. एकवीस आठे १६८, दहाएक सेकंदांत होतं. आमच्या त्या कॅसेटवर मामाने बॉलपेनने "बाराखडी" लिहिलंय, सध्या त वर्गापर्यंत आलोय, आणि ज्ञ चं डिझाइन त्याने वहीत सातव्यांदा खोडलंय.